‘सिंधुदुर्गात उतरून काय बघायचंय?’ वाचा मग!

मालवणची सहल ठरली की तिथल्या समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल ग्रुपवर हा सल्ला हमखास फिरतो: ‘सिंधुदुर्गात उतरू नका. आत काही शिल्लक नाही, नुसता तट आहे. तोही डागडुजी करून नवा केलेला. किनाऱ्यावरून फोटो काढा, पुरे.’

‘नुसता तट आहे.’ अहो, जलदुर्गात तटच तर बघायचा असतो! २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर काम सुरू झालं ते समुद्रावरच्या शत्रूंना तोंड द्यायला. सुमारे तीन किलोमीटरचा हा तट नागमोडी फिरवलाय. पायथ्याशी पोचलेला शत्रू शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात आपसूक सापडतो. एखाद्या जंगीला, म्हणजे मारा करायला तटात ठेवलेल्या भोकाला, डोळा लावा, पाण्याचा कोणता तुकडा तिथल्या बंदूकवाल्याच्या वाट्याला होता ते लगेच कळतं. पहाऱ्यावरच्या माणसाला लांब जावं लागू नये म्हणून तटातच शौचकूप बांधलेत. इतका बारीक विचार किनाऱ्यावरून दिसणार कसा? मुख्य दरवाजासुद्धा दिसत नाही, तो बुरुजांच्या आड मुद्दाम दडवलाय.

‘आत काही शिल्लक नाही.’ वाडे पडले, हे खरं. पण भोवती खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं, मंदिर आहे. पिढ्यान्‌पिढ्या गडावर राहणारी कुटुंबं आहेत.

‘डागडुजी करून नवा केला.’ हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. पावसाळाभर लाटा तटावर आदळतात. सांध्यांतला चुना निघाला की आतली भर वाहून जाते आणि चिरे ढासळतात. दुरुस्ती थांबवली तर दाखवायला तटच उरणार नाही. शिवराजेश्वराचा सभामंडप पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधला, म्हणून मंदिर नकली ठरलं का? दुरुस्ती कशी होते यावर मात्र जरूर बोला. चुन्याच्या जागी सिमेंट थापलेलं दिसलं तर गप्प बसू नका. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत हाही आहे.

‘तासाभरात उरकतं’ असंही कुणीतरी जोडतंच. तट फिरायचा तर तास पुरत नाही, म्हणून होडीत चढण्याआधीच परतीचं बोलून घ्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात. बाकी दिवसांत सकाळी लवकर निघा, तटावर सावली नाही.