फुटली तर सांगा

चार वर्षं झाली असतील. नववीच्या प्रात्यक्षिकाचा तास संपला, बेल झाली, तरी एक मुलगा उगाच रेंगाळत होता. उजवा हात खिशात.

"काय रे, हात काढ बघू बाहेर."

मुठीत रुमाल, रुमालात फुटलेल्या परीक्षानळीचे तुकडे आणि करंगळीला चीर. अर्धा तास पोरगं तसंच बसलं होतं. कारण काच फुटली की दंड, आणि तो वसूल करणारी मीच.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटलीपेक्षा दंड धोकादायक. बाटलीवर निदान लेबल तरी असतं. आणि नळी येते साधारण वडापावच्या किमतीत!

"तुमचा वर्ग किती शांत असतो हो बाई" असं कुणी म्हटलं की पूर्वी बरं वाटायचं. आता प्रयोगशाळा चिडीचूप झाली की मी आधी सगळ्यांचे हात बघते.

बासष्ट मुलं, सहाय्यकाची जागा कधीची रिकामी. म्हणून निम्मी मुलं प्रयोगाला, निम्मी वही घेऊन निरीक्षणं लिहायला. काड्यापेटी माझ्याकडे. दिव्याने दिवा लावायची आपल्याला दिवाळीपासूनची सवय, पण स्पिरिटचा दिवा तिरका केला की स्पिरिट सांडतं आणि भडका उडतो. विझवायचा तोही टोपण घालून, फुंकर मारून नाही. पाण्यात आम्ल थेंबथेंब, आम्लात पाणी कधीच नाही. हे मुलं पाठ म्हणतात. तापलेली काच मात्र गार काचेसारखीच दिसते, ते विसरतात. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली. टूथपेस्ट, हळद काही नाही. एवढा वेळ कुणी टिकत नाही, म्हणून शेजारी गप्पा मारायला एक मित्र उभा करते.

दंड बंद केला आणि टेबलावर एक वही ठेवली. काय फुटलं, काय करताना फुटलं, एवढंच लिहायचं. नाव नको. दोन महिन्यांत कळलं, बहुतेक नळ्या प्रयोगात नाही, शेवटी घाईघाईने धुताना फुटतात. मग प्रयोग दहा मिनिटं आधी थांबवायला लागले.

वर्षअखेरीला मुख्याध्यापकांनी वही चाळली. "फुटतूट बरीच वाढलेली दिसते, बाई?"

"फुटतूट नाही सर, नोंद वाढली."

त्यांनी सही केली आणि पुढच्या मागणीत दोन डझन नळ्या जास्त लिहायला सांगितल्या.