टपल स्पेस म्हणजे दुसरी क्यू नव्हे

‘टपल स्पेस ही प्रबंधांपुरती कल्पना. हळू चालते, तिचं काम क्यू करतेच, आणि जावास्पेसेसबरोबर ती संपली.’ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा, म्हणजे अनेक मशीननी मिळून एक काम करण्याचा, विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. टपल स्पेस म्हणजे प्रोग्रामनी नोंदी (टपल) ठेवायची आणि उचलायची सामायिक जागा; क्यू म्हणजे संदेशांची रांग; जावास्पेसेस ही टपल स्पेसची जावा भाषेतली आवृत्ती. मला ते पटत नाही.

‘संपली’ हे तर सरळ चूक. येल विद्यापीठातल्या डेव्हिड गेलर्न्टर यांनी टपल स्पेसवर उभ्या असलेल्या ‘लिंडा’ या पद्धतीची मांडणी १९८५ च्या निबंधात सविस्तर केली. प्रोसेसनी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामनी, एकमेकींना निरोप पाठवायचे नाहीत. माहिती सामायिक जागेत ठेवायची, हवी तिने उचलायची. संगणकीय रसायनशास्त्रातलं गाउसियन हे सॉफ्टवेअर अनेक मशीनवर आकडेमोड पसरवण्यासाठी याच लिंडाचा आधार घेत आलं आहे.

क्यूचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण वरवर तो खरा वाटतो. क्यूमधून साधारणपणे पुढे उभा असलेला संदेश मिळतो. स्पेसमध्ये मात्र आशयावरून मागता येतं: ‘प्रकार किंमत, चिन्ह अमुक, आकडा कोणताही’. लिंडाच्या ‘आरडी’ या आज्ञेने नोंद जागेवर ठेवून वाचता येते, ‘इन’ने ती काढून घेता येते; ‘इन’ने काढलेली एकच नोंद दोन वर्करच्या, म्हणजे काम करणाऱ्या दोन प्रोग्रामच्या, हाती लागत नाही. जुळणारी नोंद नसेल तर वर्कर थांबून राहतो. नोंद ठेवणारा प्रोग्राम केव्हाच बंद झालेला असला तरी बिघडत नाही. आणि कामाची वाटणी आपोआप होते: वेगवान मशीन स्पेसमधले जास्त टास्क (कामाचे तुकडे) उचलतं, संथ मशीन कमी. कामं वाटून देणारा शेड्युलर लिहावा लागत नाही. माझ्या मते खरी किंमत इथेच आहे.

हळू चालते का? प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी चाळल्या तर चालेलच. पण लिंडाचा कंपायलर (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं साधन) प्रोग्राम आधीच तपासून बहुतेक जुळण्या साध्या काउंटरवर, रांगेवर किंवा हॅश टेबलवर (हवी नोंद थेट शोधून देणाऱ्या तक्त्यावर) आणून ठेवत असे. बाकी प्रश्न टास्कच्या आकाराचा. दोन सेकंदांच्या गणितासाठी नेटवर्कवर पाच मिलिसेकंद गेले तर तो पाव टक्का झाला. टास्कच पाच मिलिसेकंदांचा असेल तर स्पेस वापरू नका, किंवा अनेक टास्क एकत्र बांधा.

आक्षेप घ्यायचाच तर वेगळा घ्या. मूळ लिंडात ‘इन’ केल्यावर वर्कर कोसळला की टास्क कायमचा गेला. जावास्पेसेसने यासाठीच ट्रान्झॅक्शन दिले: काम पुरं झालं नाही तर नोंद स्पेसमध्ये परत येते आणि दुसरा वर्कर ती उचलतो.