एकट्याच्या ताटाला मोठं पाकीट परवडतं का?

एकटे राहणाऱ्यांसाठी एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो: महिन्यातून एकदाच किराणा भरा, प्रत्येक वस्तूचं सर्वांत मोठं पाकीट घ्या, ‘एकावर एक फुकट’ सोडू नका, सगळं फ्रिजमध्ये ठेवा, सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं शिजवून टाका, खर्च निम्म्यावर येईल. हा हिशेब चार-पाच खाणाऱ्या तोंडांचा आहे. एका तोंडाला तो कुठे कुठे फसतो, ते मुद्देवार पाहू.

‘मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं.’

घेताना पडत असेल. पण दर काढायचा तो पोटात गेलेल्या मालाचा. मोठ्या पाकिटाचा दर २० टक्के कमी असला आणि त्यातला पाचवा हिस्सा टाकावा लागला, तर बचत शून्य. जितके टक्के सूट, तितकेच टक्के नासाडी झाली की बरोबरी, त्यापुढे तोटाच. शिवाय मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असंही नाही. किमतीला वजनाने भागून १०० ग्रॅमचा दर काढा, कधी कधी मधलंच पाकीट स्वस्त निघतं. डबाबंद कडधान्यात तर पाणी निथळून उरणारं वजन धरायचं, डब्यावरचं एकूण वजन नाही.

मग मोठं काय घ्यावं? ते आपल्या खपावर ठरतं. एका जेवणाला ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ आणि आठवड्यातून ५ वेळा भात धरला, तर ५ किलोला साधारण १३ आठवडे लागतात. पांढरा तांदूळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात त्याहून कितीतरी जास्त टिकतो, तेव्हा खुशाल घ्या. बिनपॉलिशच्या तांदळाचं तसं नाही. त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं. गव्हाच्या कोंड्यासकट पिठाचंही तेच, आणि उष्ण हवेत ते फार लवकर होतं. पीठ महिन्याला पुरेल इतकंच आणावं. खाद्यतेल दिवसाला २० मिली लागत असेल, तर ५ लिटरचा डबा २५० दिवस उघडा राहतो, तोही बहुधा शेगडीशेजारी. हवा, उजेड आणि उष्णता, तेल बिघडवणारं सगळं तिथे हजर. १ लिटरची बाटली ५० दिवसांत संपते. दळलेले मसाले लहानच घ्या, कारण वास उडालेला मसाला दुप्पट घालावा लागतो. मीठ-साखरेबद्दल वाद नाही, मोठं पाकीट घ्या आणि ओल लागू देऊ नका.

कडधान्य नासत नाही, पण दमट, उष्ण जागी वर्षभर पडलं की कितीही भिजवा, दाणा मऊ होत नाही आणि शिजवायला इंधन जास्त जातं. शिवाय किडे. धान्यातल्या सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातूनही उबदार हवेत महिनाभरात किडे बाहेर येऊ शकतात. उपाय आहे: आणलेलं पाकीट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ४ दिवस ठेवायचं. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर दाण्यांवर दव धरतं आणि पुढे बुरशी येते. लहान फ्रीजरमध्ये एका वेळी किलो-दोन किलोच मावतं. १० किलोचं पोतं घेणाऱ्याने हे आधीच पाहावं.

‘एकावर एक फुकट म्हणजे निम्मी किंमत.’

दुसरं खाल्लं तर. टाकलं तर पहिलं पूर्ण किमतीला पडलं. दोनावर एक असेल तर तिन्ही संपायला हवीत.

‘फ्रिजमध्ये ठेवलं की टिकतं.’

आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास किंवा खाली हवं. दार सर्वांत उबदार असतं, म्हणून दूध दारात ठेवायचं नाही, आतल्या फळीवर मागे ठेवायचं. बटाटा थंडीत गोडसर होतो आणि तळताना काळपटतो. तो आणि कांदा बाहेर हवेशीर, पण वेगवेगळे ठेवा. काकडीला फार दिवस थंडी सोसत नाही, साल खड्डे पडून चिकट होते. पिकलेल्या सफरचंद-केळ्यांमधून निघणाऱ्या वायूने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. पालेभाजी न धुता कोरड्या कापडात गुंडाळा. आणि महिन्याचा माल कोंबलेल्या फ्रिजमध्ये थंड हवाच फिरत नाही, हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

‘रविवारी आठवड्याचं शिजवा.’

शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवसांचंच. गुरुवारनंतरचे डबे एकतर कचऱ्यात जातात किंवा पोट बिघडवतात. भाताची खास काळजी घ्या: काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात पसरट भांड्यात लवकर निववून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

त्यापेक्षा अख्खे पदार्थ न करता अर्धी तयारी करून ठेवा. २०० ग्रॅम कडधान्य रात्रभर भिजवून उकडलं की साधारण ५०० ग्रॅम होतं. त्याचे चार वाटे पिशव्यांत २ सेंटिमीटर जाडीचे सपाट पसरून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवा. सपाट वाटा लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. उकडलेला बटाटा आणि अंडं मात्र गोठवू नका. बटाटा भुसभुशीत होतो, अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा.

‘वारंवार गेलात की जास्त खर्च होतो.’

हे निम्मं खरं आहे, यादीत नसलेलं हातात येतंच. म्हणून कोरडं सामान महिन्यातून एकदा आणि ताजं आठवड्यातून एकदाच, तेही आधी फ्रिज पाहून. किलोमागे थोडी जास्त पडली तरी सुटी भाजी नगावर घ्या. मोठ्या पाकिटाचा मोह असेलच, तर ते शेजाऱ्याबरोबर अर्धं करा.

नेमकं काय लहान घ्यायचं हे कळायला महिनाभर फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. जे टाकाल त्याचं नाव आणि अंदाजे वजन त्यावर लिहा. एखादं नाव दुसऱ्यांदा आलं, की पुढच्या खेपेला त्याचं निम्मं पाकीट आणा.