समजलं का? होऽऽऽ!

शाळेत सव्वीस वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप होतात. खडूने घसा बसतो आणि मुख्याध्यापक एक दिवस नवीन शिक्षक आणून पुढ्यात उभा करतात. "मॅडम, हे आपले नवीन सर. जरा तयार करा त्यांना." लोणच्यासाठी कैऱ्या आणून टाकाव्यात तसं.

नवीन सर म्हणजे शिक्षण सेवक. शिक्षक पात्रतेची टीईटी पास, अभियोग्यता चाचणी दिलेली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसून बसून चष्म्याचा नंबर वाढलेला. तीन वर्षं मानधनावर. ते मानधन २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये झालं, त्याआधी ६,००० होतं. पहिलं मानधन हातात पडायच्या आधीच या माणसाने पदरच्या पैशाने रंगीत कार्डशीट, फ्लॅश कार्डं आणि फेव्हिकॉलचा मोठा डबा आणला होता. मला भरून आलं. माझ्याकडे शैक्षणिक साहित्य म्हणून एक छडी आहे, आणि तीही आता फक्त नकाशा दाखवायला.

पहिला पाठ पाचवीवर, अपूर्णांक. कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक, आमच्या पाचवीत एक्केचाळीस. मी सगळ्यात मागे, मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसले. सरांचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, चार पानी होतं. सगळं पद्धतशीर: आधी प्रस्तावना, मग हेतुप्रश्न, मग उद्दिष्टकथन. हेतुप्रश्न म्हणजे काय, तर असा प्रश्न, की मुलांनी आपल्याला हवं तेच उत्तर द्यावं. डी.एड.च्या सराव पाठांना मुलं तसं देतातही, कारण त्यांना आदल्या दिवशी पढवलेलं असतं.

"मुलांनो, आज सकाळी तुम्ही काय खाल्लं?"

सरांना भाकरी हवी होती. भाकरीचा अर्धा, भाकरीचा पाव, आणि तिथून अपूर्णांक.

"चहा-बटर."
"चहा-खारी."
"कायच नाय."
"सर, माझा आज उपास आहे."

उपास निघाल्यावर वर्ग साबुदाण्याकडे वळला, साबुदाण्यावरून आषाढीकडे गेला आणि आषाढीवरून एकाचे आजोबा वारीत हरवले होते, तिथे पोचला. आजोबा तीन दिवस सापडत नव्हते. एक्केचाळीस मुलं श्वास रोखून ऐकत होती. इतका तल्लीन वर्ग मी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. फक्त अपूर्णांक तेवढे कुठे दिसत नव्हते. आजोबा जेजुरीला दुसऱ्याच दिंडीत जेवताना सापडले आणि सरांनी घाम पुसत उद्दिष्टकथन केलं, "तर चला, आज आपण अपूर्णांकांचा अभ्यास करू." तेवढ्यात खिचडीचा वास आला. शालेय पोषण आहाराचं नाव २०२१ मध्ये बदलून चांगलं लांबलचक झालं, पण फोडणी पडली की कुठलाही पाठ संपतो, यात काही बदल नाही.

आम्हाला स्टाफरूम नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत दप्तराचं कपाट आहे, त्याच्या आड मी मार्गदर्शन केलं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. करंगळी दाखवणाऱ्या पहिल्या मुलाला सोडा, त्याच्या मागच्या चौघांना सोडू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'समजलं का?' हे कधीही विचारायचं नाही.

"का मॅडम?"

"कारण 'होऽऽऽ' येतो. तो होकार नसतो सर. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो ना, तसं असतं ते. तुम्ही 'पृथ्वी चौकोनी आहे, समजलं का?' विचारा. होऽऽऽ येईल. त्यापेक्षा असा प्रश्न विचारा, की मुलाला काहीतरी करून दाखवावं लागेल. उद्या माझा पाठ बघा."

दुसऱ्या दिवशी मी डब्यात तीन भाकरी जास्तीच्या घेऊन गेले. हेतुप्रश्न वगैरे भानगडच नको. फळ्यावर लिहिलं, एक छेद तीन आणि एक छेद पाच. मोठा कुठला? सगळा वर्ग ओरडला, "एक छेद पाच!" का, तर तिनापेक्षा पाच मोठे. हे दरवर्षी होतं, म्हणून तर भाकरी आणल्या होत्या.

एक भाकरी हातात घेतली. "याचे समान भाग करायचे."

"बाई, आमचा दादा वाटतो तेव्हा समान नसतात."

"दादाला राहू दे. तिघांत वाटली तर वाट्याला मोठा तुकडा येईल, की पाचांत वाटली तर?"

पहिल्या बाकावरची मुलगी विचार करून म्हणाली, "पाचांत."

"अगं, कसं?"

"घरात पाच म्हणजे पावणे आले. पावणे आले की आई भाकरी जास्त करती."

मागे सर खोकले. खोकला नव्हता तो. मग मी भाकरी मोडली, तुकडे शेजारी शेजारी ठेवले, पुन्हा मोडली, मुलांकडून मोडून घेतली. निम्मी उदाहरणं मुलांच्या पोटात गेली. पण तास संपेपर्यंत तीसेक मुलांची उत्तरं बरोबर यायला लागली होती आणि मी मोठ्या रुबाबात सरांकडे गेले. त्यांच्या वहीत निरीक्षणाच्या पानावर उभ्या रेघांचे तीन गठ्ठे होते, प्रत्येकात चार उभ्या आणि एक आडवी. पुढे दोन रेघा सुट्या.

"हे काय मोजलंत?"

सर कानापर्यंत लाल झाले. "मॅडम... ते... तुम्ही 'समजलं का?' किती वेळा म्हणालात ते. सतरा."

मी काही बोलणार, तोच खिडकीजवळून आवाज आला. याचं लक्षच नसतं, असं मी गेले दोन महिने ज्याच्याबद्दल म्हणत होते, तो.

"अठरा झाले, सर. तुम्ही पाणी प्यायला गेलतात तवा एक झाला."

त्याच्या बाकावर पेन्सिलीने गठ्ठेच गठ्ठे होते. रोजचे वेगळे, वर वार लिहिलेला.

"बाईंचे रोज वीस हुतात," तो सरांना समजावून सांगू लागला. "शनवारी निम्मे. सकाळची शाळा असती ना."