तलवार म्यान करायचं बटण

जुन्या गेमचं कौतुक केलं की लोक लगेच म्हणतात, तुला तुझे शाळेचे दिवस आठवतायत, बाकी काही नाही. असेल बाबा. आमच्या डिचोलीतल्या कम्प्युटर क्लासात डॉस (विंडोजच्या आधीची, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची सिस्टम) शिकायच्या नावाखाली सगळी पोरं प्रिन्स ऑफ पर्शियाच खेळायची, म्हणजे तुरुंगातून सुटून तलवारीच्या जोरावर राजकन्येला वाचवणाऱ्या राजपुत्राचा गेम. पण मी परवा तो परत लावला आणि मारामारी आजही तेवढीच भारी वाटली, त्याला शाळेचे दिवस काय करणार?

बटणं किती, तर शिफ्ट दाबला की वार आणि वरचा बाण म्हणजे अडवायचं. बस. डाव्या कोपऱ्यात आपले तीन लाल त्रिकोण, म्हणजे आपला जीव, समोरच्याचे उजवीकडे. पहिला शिपाई मठ्ठ आहे, त्याला कसाही मारा, पण पुढचे हुशार होत जातात, नुसता शिफ्ट बडवत सुटलात की वार अडवून उलटा ठेवून देतात. मग थांबायचं, त्याला येऊ द्यायचं, हात उठला की अडवायचं आणि त्याच क्षणी मारायचं. पेडण्याकडचा दशावतार बघितलेल्यांना हे कळेल, तिथलं युद्ध पण असंच, मृदंगाच्या ठेक्यावर एक पाऊल पुढे एक मागे, आणि पेंगलेली माणसं नेमकी तेव्हाच उठून बसतात.

आता हे जमलं कसं तेही ऐका. जॉर्डन मेक्नरने १९८९मध्ये ॲपल टू या कम्प्युटरवर हा गेम आणला. धावण्या-उड्यांसाठी त्याने स्वतःच्या भावाचं शूटिंग केलं आणि तलवारबाजी उचलली १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून, एकेक फ्रेम बघून. म्हणून ती माणसासारखी दिसते. पुढे मेमरी संपली, नवीन शत्रूची चित्रं मावेनात, तर पठ्ठ्याने राजपुत्राचीच चित्रं वापरून सावली केली, म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा शत्रू! चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, पाचव्याला आपलं औषध पिऊन पळते (शिव्या घातल्यात मी तिला), आणि बाराव्याला तलवार घेऊन समोर उभी. तिला मारलं की आपलाच त्रिकोण जातो. उपाय एकच, खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, दोघं एक होतात. साठ मिनिटांचं घड्याळ चालू असताना हे सुचायला डोकं लागतं राव.

याच मालिकेतला २००३चा सँड्स ऑफ टाइम पण आवडतो मला, देखणा आहे, पण वेळ मागे फिरवायची सोय दिली आणि मरायची भीतीच गेली. आताच्या गेममध्ये तर एकाच झटक्यात दहा जण आडवे, स्क्रीनभर विजा आणि आकडे, त्यात तलवार कुठे शोधायची?

तर सांगा, तलवार आत ठेवल्यावर जिंकता येतं असा दुसरा कुठला गेम खेळलात. आणि हो, डॉसवर गेम चालू करताना प्रिन्सपुढे मेगाहिट हा चीट कोड टाइप करून लेव्हल उडवत गेलेल्यांनी गप्प बसा, तुमचं मत धरलं जाणार नाही 😄