फुंकलेली नव्हे, गाभ्यावर घडवलेली काच

प्राचीन इजिप्तमधल्या काचेच्या अत्तर-कुप्यांवरचा हा लेख छान आहे, पण त्यातलं 'तुतमोस तिसऱ्याच्या (इसवीसनपूर्व पंधराव्या शतकातला इजिप्तचा राजा) काळातल्या फुंकून बनवलेल्या कुप्या' हे साफ चूक. नळीने काच फुंकायची कला इसवीसनपूर्व पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइन भागात आली, म्हणजे तुतमोसनंतर १३०० हून अधिक वर्षांनी! इजिप्तचे कारागीर दांड्याच्या टोकाला माती आणि शेणाचा गाभा थापायचे, त्यावर वितळलेली काच चढवायची, वर पिवळ्या-पांढऱ्या काचेचे धागे गुंडाळायचे आणि ते गरम असतानाच टोकदार हत्याराने वर-खाली ओढायचे. त्या सुंदर लाटा अशा येतात, रंगवलेल्या नसतात. थंड झाल्यावर गाभा खरवडून काढायचा.

ब्रिटिश म्युझियममधला अमार्ना या प्राचीन इजिप्शियन शहरातला काचेचा मासा, म्हणजे माशाच्या आकाराची कुपी (१९२१ साली एका घराच्या जमिनीखाली सापडलेला, जेमतेम १४.५ सेंटीमीटर) मी बराच वेळ बघत उभा होतो. खवले म्हणजे हीच ओढलेल्या धाग्यांची नक्षी. त्याचा फोटो लेखात हवा होता. आणि हो, या कुप्यांच्या आत आजच्यासारखं पातळ अत्तर नसायचं, तेला-चरबीत मुरवलेली सुगंधी द्रव्यं असायची.