‘आज रात्री 3 ते 4’ या निरोपाबद्दल

हिंगोली-नांदेडकडे जमीन जराशी हलली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरायला लागतो. ‘नासाने सांगितलंय, आज रात्री 3 ते 4 च्या दरम्यान मोठा धक्का बसणार. खाली जुना ज्वालामुखी जागा होतोय, म्हणून जमिनीतून आवाज येतात. पण लहान धक्के बसत राहिले तर जोर निघून जाईल. पुढे पाठवा.’ यात भीतीही आहे आणि दिलासाही. दोन्ही चूक आहेत, आणि मला दिलासा जास्त धोक्याचा वाटतो.

आधी वेळेचं. भूकंपाची तारीख आणि तास आधी सांगण्याची पद्धत आज जगात कुणाकडेच नाही, नासाकडेही नाही. जपानात फोनवर इशारा येतो तो भूकंप सुरू झाल्यावर. वेगवान लहरी यंत्रांनी टिपल्या की मागून येणाऱ्या घातक लहरींपूर्वी काही सेकंद हाती लागतात, इतकंच. कोयनेत धरणाच्या पाण्याशी जोडलेल्या धक्क्यांचा अभ्यास कित्येक दशकं चालू आहे, तरी तिथेही कुणी तारीख देत नाही. ‘3 ते 4’ ही वेळ आपल्या आठवणीतून आलेली असावी. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 ला झाला, कोयनेचा 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे. पण भूजचा 26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला झाला.

ज्वालामुखीचं लवकर आटोपतं. दख्खनचा कातळ लाव्ह्याचाच, पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटरवर तो काळा कातळ संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. भारतातला जागा ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. आवाज खरे असतात. हादरा उथळ असला की लहरींचा काही भाग जमिनीतून हवेत शिरतो आणि गडगडल्यासारखं ऐकू येतं.

आता तो दिलासा. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. तेवढी ऊर्जा 4.5 च्या धक्क्यांनी बाहेर पडायची तर साडेतीनशेच्या आसपास धक्के लागतील. शिवाय किल्लारीनेच हे खोटं ठरवलंय. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे धक्क्यांची मालिका झाली, लोक घाबरले, मग जमीन शांत झाली, आणि वर्षाच्या आत गाव उद्ध्वस्त झालं. उलट पालघरमध्ये नोव्हेंबर 2018 पासून शेकडो लहान धक्के बसले, पण तसा मोठा भूकंप त्यांच्यामागून आला नाही. लहान धक्क्यांवरून घाबरायचं की निश्चिंत व्हायचं, यातलं काहीच ठरत नाही.

निरोपात नसते ती भिंत. जगात 6.2 चे भूकंप दरवर्षी अनेक होतात. किल्लारी-सास्तूर भागात मात्र सुमारे 10 हजार माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक घरात झोपले होते. घरं माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली. भिंती जाडजूड, पण आतून-बाहेरून दगडाचे दोन वेगळे थर, मध्ये चिखल आणि चिपा, आणि दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवलेली माती. हादऱ्याने भिंतीचे थर सुटले आणि ते सगळं ओझं अंगावर आलं. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, दगड तेवढे ढासळले. हा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण कमजोरी नेमकी कुठे होती ते त्यातून दिसतं.

दुरुस्तीही माहीत आहे. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार सांधे घालायचे. घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके आधार द्यायचे. 1993 नंतर शासनाने मराठवाड्यात हे काम मोठ्या प्रमाणावर करून घेतलं होतं, म्हणजे गावातल्या गवंड्याच्या हाताबाहेरचं ते नाही.

तेव्हा निरोप आला की पुढे पाठवण्याआधी घराला एक चक्कर मारा. भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात उभी चीर गेली असेल, तर जरूर बाहेर झोपा, भिंतीपासून लांब. आणि भिंत दुरुस्त होईपर्यंत झोपा, एका रात्रीच्या चारपर्यंत नव्हे.